ओव्हरसियरांची घडीची खुर्ची

आमच्या ओव्हरसियरसाहेबांना मी खुर्चीशिवाय आयुष्यात एकदाच पाहिलं. पण ते सांगायचं तर आधी खुर्चीचं सांगायला हवं, कारण साहेब वेगळे आणि त्यांची खुर्ची वेगळी असं मला आठवतच नाही. जाड खाकी कापडाची, लाकडी चौकटीची, घडी घालून खांद्याला अडकवता येणारी ती खुर्ची त्यांनी कालव्यावरच्या कुठल्याशा गोऱ्या इंजिनियराच्या सामानाच्या लिलावात घेतली होती. शिपाई ती उचलायला पुढं झाला की खेकसायचे, "ठेव खाली. बसणार मी हाय का तू?"

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. मी गावच्या म्युनिसिपल कमिटीत कारकून होतो आणि साहेब तिथंच ओव्हरसियर, म्हणजे रस्ते-इमारतींची कामं पाहणारे. गाव बारामती की इंदापूर, ते मी सांगणार नाही. त्या कमिटीतल्या लोकांची नातवंडं आता माझ्या ओळखीची आहेत, लग्नाला बोलावतात, जेवायला वाढतात. दोन्ही गावचे लोक ही हकिकत आपल्याकडचीच म्हणतील, तर म्हणोत बापडे.

साहेब शिकले पुण्याला, पण तोंडात बावडा होता. बावडा म्हणजे त्यांचं गाव. घर ब्राह्मणाचं, वडील भिक्षुकी करायचे, आणि हे बोलायचे मात्र मोटेवरच्या गड्यासारखे. अध्यक्षांशीही तसंच आणि कलेक्टरांशीही तसंच. कलेक्टरांना वाटायचं, ही काहीतरी खास मराठी असेल. ते मान डोलवायचे.

त्यांच्या कामाची रीत अशी. कुठं रस्ता करायचा म्हटलं, गटार काढायचं म्हटलं, की आमच्यासारखा माणूस आधी फीत घेऊन धावेल. साहेब खुर्ची उघडून त्या जागी बसायचे. भर रस्त्यात. बैलगाड्या वळसा घालून जायच्या, शेरडं खुर्चीचा पाय हुंगून जायची, आणि साहेब आपले स्वस्थ. कुणी विचारलं, "काय चाललंय, साहेब?" की उत्तर ठरलेलं, "बसून बघतोय."

काय बघतात ते मला पहिलं वर्षभर कळलं नाही. मला वाटायचं, माणूस थोडा सरकलेला आहे. मग एकदा मीच धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "कारकून, ह्या गावात फुकट बसायला जागा कुठं हाय, सांगा बघू."

मी म्हणालो, "देवळात."

"सगळ्यांला?"

मी दुसरी एखादी जागा आठवू लागलो, तोवर तेच पुढं बोलले.

"दुकानाच्या फळीवर बसलं तर कायतरी घ्यावं लागतं. कुणाच्या ओट्यावर बसलं तर तो इचारतो, कुणाकडं आलाय? बाहेरगावची बाई लेकरू घिऊन मोटारीची वाट बघतीया, ती बसती कुठं? उन्हात. उकिडवी. मी ही खुर्ची हौसंनं न्हाय फिरवत. गावात बसायची सोय न्हाय म्हणून फिरवतो. ज्या दिवशी हितं खुर्ची लागायची न्हाय, त्या दिवशी गाव झालं म्हणायचं. तोवर ही नुसती वस्ती हाय."

कुठलाही नकाशा त्यांच्यापुढं ठेवला की पहिला प्रश्न हाच: बसायचं कुठं? नाट्यगृहाचा नकाशा असो, दवाखान्याचा असो, नाहीतर मुतारीचा. मुतारीच्या नकाशावरही त्यांनी हे विचारलं तेव्हा मी हसलो. साहेब हसले नाहीत. "बायकांनी कुठं जायचं, इचारतोय मी," ते म्हणाले, आणि तो नकाशा परत गेला.

बसून झालं की चालणं. चैत्रात, ऐन दुपारी, नव्या रस्त्याच्या जागेवर ते वहाणा काढून हातात घ्यायचे आणि अनवाणी चालायचे. बरोबरच्यांनाही चालायला लावायचे. एकदा कापडवाले शेठ, जे कमिटीचे सभासद होते, ते रस्त्याची पाहणी करायला छत्री घेऊन आले. साहेब म्हणाले, "शेठ, छत्री मिटा, जोडे काढा. गावातली निम्मी माणसं बिनजोड्याची चालत्यात. रस्ता त्यांच्या पायानं बघायचा." शेठ दहा पावलं गेले आणि टणाटण उड्या मारत एका बाभळीखाली पोचले. तिथं काटे. पुढच्या सभेत रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडं लावायचा ठराव शेठनंच मांडला. आजही त्या रस्त्यावरचे कडुनिंब पाहिले की मला शेठच्या उड्या आठवतात.

झाडांच्या बाबतीत साहेब जुलमी होते. घर बांधायची परवानगी मागायला कुणी आलं की त्याच्या कागदाकडं बघायचेच नाहीत. "रोप लावलंस? पाणी घातलंस? चल दाव." आणि खुर्ची खांद्याला लावून निघायचे. लोक शिव्या घालायचे, पण रोपं लावायचे. एकानं शेजाऱ्याचं रोप दाखवून परवानगी काढली. साहेबांना कळल्यावर त्यांनी त्याला दोन लावायला लावली आणि शेजाऱ्याच्या रोपालाही महिनाभर पाणी घालायला लावलं. दोघांचा अबोला होता, तो त्या पाण्यापायी सुटला.

कमिटीची नवी कचेरी बांधायची ठरली तेव्हा कंत्राटदारानं जोतं पुरुषभर उंच धरलं आणि पुढं दगडी पायऱ्या. सरकारी इमारत कशी रुबाबदार दिसली पाहिजे, म्हणून. साहेबांनी वाद घातला नाही. पायऱ्यांचं काम होताच ते अध्यक्षांच्या घरी गेले. अध्यक्षांना सारं गाव आबा म्हणायचं. आबांच्या आईला, म्हणजे एका भल्या थोरल्या अंगाच्या म्हातारीला, त्यांनी मोठ्या मानानं कचेरी बघायला बोलावलं. म्हातारी हौसेनं आली. तिसऱ्या पायरीवर गुडघा धरून बसली ती उठेना. वर जाता येईना, खाली उतरता येईना. तिथूनच तिनं लेकाचा उद्धार केला, "आरं आबा, माझ्यासारखीला तुझ्याकडं फिर्याद आणायची झाली तर कसं? का म्हाताऱ्यांनी फिर्यादच आणायची न्हाय?"

आबा मोठे गोरेमोरे झाले. तिला चौघांनी पाटावर बसवून खाली उतरवलं, आणि पुढच्या आठवड्यात पायऱ्या निघून लांबट उतार झाला. कंत्राटदार म्हणायचा, कचेरी गोठ्यासारखी दिसते. असेल. पण लंगडे, म्हातारे, पोटुशा बाया सगळे त्या उतारावरून वर यायचे आणि मला काम लावायचे. माझी दुपारची डुलकी त्या उतारानं गेली, हे मी अजून विसरलो नाही.

घरी साहेब एकटेच. बायको फार पूर्वी गेलेली. स्वतः पिठलं-भाकरी करून खायचे आणि पिठल्यात गुठळ्या झाल्या की पिठाला दोष द्यायचे. त्यांचा ओटा सगळ्या गावाला मोकळा होता, त्यामुळं संध्याकाळी तिथं इतकी माणसं बसलेली असायची की खुद्द साहेबांना जागा मिळत नसे. मग ते समोरच्या बाजूला रस्त्यावर खुर्ची टाकून स्वतःच्या घराकडं बघत बसायचे. मी एकदा म्हणालो, "साहेब, हे जरा जास्तच होतंय." म्हणाले, "व्हय. पण बघायला बरं वाटतं."

आता बाजाराची गोष्ट.

कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, गूळ वाढला, गाड्या वाढल्या, आणि आठवड्याचा बाजार जुन्या पेठेत मावेना. कमिटीनं तो गावाबाहेरच्या माळावर हलवायचं ठरवलं. माळाच्या मधोमध जुन्या कडुनिंबांची दक्षिणोत्तर लांबच लांब रांग होती आणि पलीकडं कालव्याची चारी, म्हणजे शेतांकडं पाणी नेणारा लहान पाट. चारीच्या पल्याड कातडी वाळत घालायची जागा. वाऱ्याची दिशा बदलली की माळावर उभं राहवत नसे.

जुन्या बाजारात वेशीजवळ मांगवाड्यातल्या बाया दोर घेऊन बसायच्या. कासरे, दावी, शिंकी, नाडे. त्यांच्यात सगुणा नावाची एक होती, पन्नाशीची, उंच, आणि जिभेनं तिखट. त्या जागेवर तिची सासू बसली होती, सासूची सासू बसली होती. तिच्या कासऱ्याशिवाय या भागातला एकही बैल नांगराला लागत नव्हता. पण गिऱ्हाईक दोर घ्यायचं तो जमिनीवरचा उचलून, आणि पैसे द्यायचं ते वरून टाकून. दोराला विटाळ नव्हता, हाताला होता. असं कसं, हे तेव्हा कुणाला विचारावंसं वाटत नसे. मलाही नाही.

नव्या बाजाराच्या मसुद्यात सभासदांनी सगळ्यांच्या जागा पक्क्या केल्या. कडुनिंबांखाली गूळवाले आणि कापडवाले. त्यांच्यापुढं भाजीवाल्या. आणि दोरवाल्या बाया चारीच्या पल्याड, कातड्यांशेजारी. तिथवर गिऱ्हाईक कशाला जाईल? सगुणाचं पोट त्या एका दिवसावर होतं. तिचा धंदाच बुडत होता, आणि तो बुडवणाऱ्या कुणालाही ती दिसत नव्हती.

साहेबांनी मसुदा पाहिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. सभासद म्हणाले, बसतील की पल्याड. साहेबांनी मसुदा घडी करून खिशात घातला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची माळावर दिसू लागली. सकाळी झाडांच्या एका बाजूला, संध्याकाळी दुसऱ्या. मग त्यांनी सगळ्या सभासदांना जागा पाहायला बोलावलं. सकाळच्या चहानंतर, ऊन कोवळं असताना. झाडांच्या मावळतीच्या अंगाला दाट गार सावली पडली होती. उगवतीचं अंग उन्हात उघडं.

"ही सावलीची बाजू तुमच्या गुमास्त्यांला," साहेब म्हणाले. "आन् त्या बाया पल्याड कशाला? मधी चारी, वर फळी टाकायचा ताप. त्यापेक्षा हितंच बसंनात झाडांच्या ह्या अंगाला, उन्हात. मधी झाडं हायतच की."

सभासदांनी उन्हाकडं पाहिलं, स्वतःच्या सावलीकडं पाहिलं आणि खूश होऊन माना डोलावल्या. यातला एकही गृहस्थ स्वतः कधी बाजारात बसलेला नव्हता. बसायचे ते त्यांचे गुमास्ते. मी तिथंच ठराव लिहिला.

बातमी मांगवाड्यात पोचली आणि सगुणा कचेरीच्या आवारात येऊन उभी राहिली. उतारावर पाय ठेवला नाही, पण आवाज आतपर्यंत आला. "सायेब, तुमी बी त्यातलंच निघालात! त्यास्नी सावली आन् आमास्नी ऊन?"

साहेब बाहेर आले. गावात तिला 'बाई' म्हणणारे ते एकटेच. म्हणाले, "बाई, बाजार कवा भरतो?"

"कवा म्हंजी? दुपार कलली की. गाड्या आल्या, मोटारी आल्या की."

"मग दुपार कलल्यावर सावली कुनीकडं असती?"

सगुणानं आभाळाकडं पाहिलं, माळाच्या दिशेला पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून जी हसत सुटली ती रस्त्यापर्यंत हसतच गेली. मी मात्र तसाच उभा. साहेबांनी मला हातवारे करून समजावलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सूर्य मावळतीला जातो हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ठराव लिहिताना आठवलं नाही, एवढंच.

पहिला बाजार भरला. दुपार कलली तशी सावली झाडांखालून सरकत उगवतीकडं गेली आणि दोरवाल्या बायांच्या अंगावर गार पडली. मावळतीचं ऊन तिरपं होऊन गूळवाल्यांवर आलं. गुळाच्या ढेपा घामेजल्या, पाघळल्या, गोणपाटातून रस ठिबकायला लागला आणि परगण्यातल्या सगळ्या माशा तिथं गोळा झाल्या. एक गुमास्ता उठला. इकडं-तिकडं पाहिलं. एक ढेप उचलली आणि झाडांच्या पलीकडं, सगुणाच्या दोरांपासून हातभर अंतरावर नेऊन ठेवली. मग दुसऱ्यानं ठेवली. गूळ वाचवायचा की विटाळ पाळायचा, याचा निकाल गुमास्त्यांनी तिथल्या तिथं लावला.

मालक मात्र भडकले. तातडीची सभा. ओव्हरसियरनं फसवलं, बाया पल्याडच पाठवा, दोन्ही बाजू आम्हाला द्या. साहेबांच्या नोकरीची मुदत संपत आली होती, मुदतवाढ कमिटीच्याच हातात होती. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांनी माझा पाय जोरात दाबला.

"पाठवू की," ते म्हणाले. "पर कमिटीनं जागा बघून ठराव करावा. आत्ता जाऊ."

दुपारचा एक वाजला असेल. सगळे निघालो. चारीवरची फळी ओलांडताना शेठ जरा कचरले. पल्याड पाऊल टाकलं आणि कातड्यांचा वास आला. साहेबांनी खांद्यावरची खुर्ची काढली, उघडली, भर उन्हात मांडली. ती खुर्ची त्यांनी दुसऱ्या कुणाला बसायला दिलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"बसा, आबा. ठराव लिहून हुईस्तवर बसा. बायांला दिवसभर बसायचंय, तुमाला घटकाभर. कारकून, लिहा. अक्षर चांगलं काढा."

अक्षराचा मला अभिमान होताच. मी मांडीवर फळी घेतली आणि लिहायला लागलो. प्रत्येक वेलांटीला वळण दिलं, प्रत्येक रेघ तपासली. मध्येच दौत कलंडली. ती मुद्दाम कलंडली असं शेठ अजून म्हणत असतील. आबा घामानं निथळत होते, नाकाला उपरणं लावत होते. शेवटी ते ताडकन उठले.

"आरं, हितं ढोरं बी बसायची न्हायत!"

साहेब शांतपणे माझ्याकडं वळले. "लिहा, कारकून. हितं ढोरं बी बसायची न्हायत. अध्यक्ष म्हणाले."

आबांचं पोट हलायला लागलं, आणि ते हसले. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त तोवर कुणी त्यांना तिथं बसवलं नव्हतं. त्याच दिवशी ठराव झाला: झाडांखालची जागा कुणाच्याही नावानं नाही, जिकडं सावली असेल तिकडं सगळ्यांनी सरकायचं. सकाळी माल लावताना बाया मावळतीच्या अंगाला यायच्या, दुपारी गुमास्ते उगवतीला जायचे. सहा महिन्यांत गूळ, दोर, कापड, मेथी सगळी अशी मिसळली की कोण कुठं बसतं हे नकाशावर दाखवणं अशक्य झालं. साहेबांना त्याचा फार आनंद होता.

पण ही गोष्ट फार गोड करून सांगितली तर साहेब वरून माझ्यावर ओरडतील. पैसे अजूनही वरूनच पडत होते. गुमास्ता सगुणाच्या शेजारी बसायचा, पण मध्ये एक रिकामं पोतं पसरलेलं असायचं. आणि साहेबांना मुदतवाढ मिळाली नाही. आबांनी हात वर केला, बाकी कुणी केला नाही. निरोपाच्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मी खुर्ची उचलून मोटारीपर्यंत नेऊ का म्हणालो. "बसणार मी हाय का तुमी?" ते म्हणाले, आणि बावड्याला भाच्याकडं निघून गेले.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका बाजारच्या दिवशी मी मेथीची जुडी घेत होतो, तर मोटारीतून साहेब उतरले. वाळले होते, चाल मंदावली होती. मला आधी वाटलं, दुसरंच कुणीतरी आहे, कारण खांदा रिकामा होता.

मी धावलो. "साहेब! खुर्ची विसरलात?"

"विसरतोय कशाला?" ते म्हणाले. "बावड्याला हाय. तिथं अजून लागती."

बोलता बोलता ते कडुनिंबांखाली आले. दुपार कललेली, सावली उगवतीला. धाप लागली होती त्यांना. झाडाला हात टेकून ते उभे राहिले. बाजार ऐन भरात होता, मी खुर्ची आणायला कचेरीकडं वळलो. तेवढ्यात सगुणानं दोरांची वेटोळी एका अंगाला सारली. आपलं पोतं झटकलं, घडी घालून आपल्या शेजारी टाकलं. ओरडण्याबद्दल प्रसिद्ध असलेली ती बाई इतकी हळू बोलली की जेमतेम ऐकू आलं.

"बसता का, सायेब?"

आजूबाजूच्या तराजूंचे हात थांबले. भिक्षुकाचा मुलगा, सोवळ्यातल्या घरचा. त्या पोत्यावर बसायचं म्हणजे काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. साहेबांनी कुणाकडंही पाहिलं नाही. झाडाचा आधार घेत ते खाली बसले, गुडघा चोळला आणि लांब श्वास सोडला. पाय पसरायला जागा पुरेना. पलीकडच्या गूळवाल्या गुमास्त्यानं ते पाहिलं, मधलं रिकामं पोतं ओढून घेतलं, गुंडाळून आपल्या मांडीखाली घातलं आणि म्हणाला, "पसरा साहेब, आयसपैस पसरा."

मी अजून कचेरीच्या दिशेला तोंड करूनच उभा होतो.

"कुठं निघालात, कारकून?" साहेबांनी हाक मारली.

"खुर्ची आणतो."

"कशाला? सरका तुमी बी. बसा हितं."

आणि सगुणानं आणखी एक वेटोळं बाजूला केलं.